मुंबईत फ्रेंच जेवण: कोणत्या खर्चात काय खावे आणि कुठे

डोंबिवलीच्या एका भगिनींनी प्रश्न पाठवला आहे. आई-वडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे होत आहेत, मुलगा अलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंच शिकतो आणि त्याच्या हट्टामुळे यंदाचे जेवण फ्रेंच रेस्टॉरंटात करायचे ठरले आहे. वडील शाकाहारी आहेत, आईला मासे चालतात, बाकी दोघे सर्व काही खातात. दरडोई पाचशे रुपये, दीड ते दोन हजार आणि पाच हजारांच्या पुढे असे तीन हिशेब त्यांच्या मनात आहेत. त्यांपैकी कोणत्या खर्चात मुंबईत खरे फ्रेंच जेवण मिळेल आणि वडिलांची आबाळ होणार नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काम केल्यानंतर आता मी हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवतो, त्यामुळे आधी एक गैरसमज दूर करतो. जितका खर्च अधिक तितके जेवण अधिक फ्रेंच, असे गणित इथे चालत नाही. फ्रान्समध्ये पाव भाजणारा, पेस्ट्री करणारा, क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, काढणारा, बिस्त्रो, म्हणजे साधे छोटे रेस्टॉरंट, चालवणारा आणि मोठ्या रेस्टॉरंटचा शेफ हे वेगवेगळे व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाचे कसब वेगळे आहे. पाचशे रुपयांत पाववाल्याचे कसब अस्सल मिळते. पण त्याच पैशात चार पदार्थांचे 'फ्रेंच जेवण' देऊ म्हणणाऱ्याकडे क्रीम घातलेल्या पास्त्यापलीकडे फारसे काही नसते. म्हणून आपला आकडा आधी ठरवावा, त्या आकड्यात जे प्रामाणिकपणे करता येते तेच मागवावे आणि वरच्या पायरीची स्वस्त नक्कल टाळावी.

मुंबईला फ्रेंच स्वयंपाक नवा नाही, मात्र अनेक वर्षे तो मोठ्या हॉटेलांच्या आतच राहिला. ताजचे 'राँदेव्हू' आणि नंतरचे 'झोडियाक ग्रिल', तसेच ओबेरॉयचे 'ला रोतिसरी' ही त्या काळातली मोठी नावे, आणि आता त्यांतले एकही उरलेले नाही. दुसरीकडे 1954 साली स्थापन झालेल्या, दादरच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या इतर संस्थांत विद्यार्थी आजही सॉसपासून भाजी चिरण्याच्या पद्धतींपर्यंत सारी सुरुवात फ्रेंच पायावरच करतात. थोडक्यात, शहरात फ्रेंच पद्धतीने शिकलेले हात पुष्कळ आहेत आणि निव्वळ फ्रेंच रेस्टॉरंटे मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हॉटेलांबाहेर हा स्वयंपाक खऱ्या अर्थाने आला तो गेल्या दीड दशकात: पूजा धिंग्रा यांचे 'ल कँझ' (Le15) हे पेस्ट्रीचे दुकान 2010 मध्ये सुरू झाले, नरिमन पॉइंटला काही फ्रेंच तरुणांनी 2011 मध्ये 'सुझेत' ही क्रेपरी उघडली, काळा घोड्याला 2014 मध्ये संजना पटेल यांचे 'ला फोली' आले, वरळी कोळीवाड्यात 2017 मध्ये 'स्लिंक अँड बार्दो' उघडले आणि अलीकडे चर्चगेटला 'सूफ्ले सिल वू प्ले' सुरू झाले. नुसत्या नावावर मात्र विसंबू नये. 2023 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आलेल्या 'प्रेत आ मांजे'चे नाव पूर्ण फ्रेंच असले तरी ती लंडनची सँडविच-कॉफीची साखळी आहे.

पहिला हिशेब पाचशे रुपयांचा. एवढ्या पैशात मी डोळे मिटून पॅटिसरीत, म्हणजे पेस्ट्रीच्या दुकानात, जाईन. एक क्रोसाँ (लोण्याच्या थरांचा खुसखुशीत पाव), कीशचा, म्हणजे अंडे-क्रीमच्या खाऱ्या टार्टचा, एक तुकडा किंवा एखादे एक्लेअर आणि कॉफी, असे सारे पाचशे-सहाशेत बसते, आणि हे दुय्यम प्रतीचे फ्रेंच खाणे मुळीच नव्हे. चांगल्या क्रोसाँला सुरुवातीपासून भट्टीपर्यंत दोन ते तीन दिवस लागतात. पीठ मळून थंडीत ठेवायचे, त्यात लोण्याची सपाट लादी गुंडाळायची, लाटून तीन पदरी घडी घालायची, पुन्हा थंड करायचे आणि हे तीनदा करायचे. अशा रीतीने लोण्याचे सत्तावीस थर तयार होतात. या सगळ्या काळात लोणी लवचीक राहिले पाहिजे, वितळता कामा नये. मुंबईच्या मे महिन्यात खोलीचे तापमान काबूत ठेवले नाही तर लोणी पिठात मुरते आणि क्रोसाँचा ब्रेड होतो. फ्रेंच कायद्याने लोण्यात किमान 82 टक्के स्निग्धांश लागतो, आपल्याकडच्या टेबल बटरला 80 टक्क्यांची अट आहे आणि थर घालण्यासाठी खास बनवलेले लोणी 84 टक्क्यांपर्यंत जाते. फरक दिसायला किरकोळ असला, तरी स्निग्धांश वाढला की पाण्याचा अंश घटतो आणि लाटताना लोणी तुटत नाही. चांगल्या बेकऱ्या त्यासाठी आयात केलेले लोणी वापरतात आणि क्रोसाँच्या किमतीत त्या लोण्याचाही वाटा असतो.

क्रोसाँ पारखण्यासाठी तो मधोमध आडवा कापावा. आत मधाच्या पोळ्यासारखी मोकळी, असमान आकाराची जाळी दिसली, पडदे पातळ आणि किंचित पिवळसर असले आणि तळाला घट्ट, ओलसर पट्टी नसली, तर काम उत्तम झाले आहे. बोटांना तेल लागता कामा नये. ते लागले तर लोणी भट्टीत वाहून गेले आहे असे समजावे. वरचा रंग फिकट सोनेरी नव्हे, चांगला तपकिरी हवा. आपल्याकडे ग्राहक 'करपले आहे' म्हणून परत करतात, म्हणून बेकरीवालेही घाबरून लवकर बाहेर काढतात आणि चव तिथेच हरवते. दुसरी गोष्ट वेळेची. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सकाळी कुरकुरीत असलेला क्रोसाँ दुपारी तीनपर्यंत मऊ पडतो, त्यामुळे पावसाळ्यात तो सकाळीच खावा, किंवा घरी नेऊन पाच मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात ठेवू नये.

याच पायरीवर दक्षिण मुंबईत ताजमहाल पॅलेसची 'ला पॅटिसरी' आणि काळा घोड्याची 'ला फोली', तर वांद्रे-कुर्ला संकुलात सोफितेल हॉटेलमधली 'आर्टिझान' ही ठिकाणे पाहावीत. सोफितेल ही मुळातच फ्रेंच हॉटेलसमूहाची साखळी असल्यामुळे तिथे पॅटिसरीकडे लक्ष असते. तिथलेच 'पाँडिचेरी कॅफे' मात्र बुफेचे रेस्टॉरंट आहे, फ्रेंच जेवण एवढाच हेतू धरून तिथे जाऊ नये. माकारोनसाठी, म्हणजे बदामाच्या पिठाच्या गोड बिस्किटांसाठी, 'ल कँझ'चे नाव शहरभर झालेले आहे. अनेक हॉटेलांच्या पेस्ट्री शॉपमध्ये रात्री दुकान बंद होण्याआधी उरलेल्या मालावर सवलत असते; ती आहे का हे विचारण्यात संकोच करू नये, कारण क्रीमच्या पेस्ट्रीला त्या वेळीही काही झालेले नसते. पावाला आणि क्रोसाँला मात्र ही युक्ती लावू नये.

स्वस्तात फ्रेंच वंशाचा आणखी एक पदार्थ मुंबईकरांनी आपलासा केला आहे, आणि तो म्हणजे भाज्यांचे 'ओ ग्रातँ'. लग्नाच्या बुफेत आणि जिमखान्यांच्या कँटीनमध्ये 'बेक्ड व्हेजिटेबल' म्हणून मिळणारा हा पदार्थ मुळात बेशामेल सॉसवर उभा आहे: लोणी, मैदा आणि दूध, बस्स. चर्चगेटचे 'गेलॉर्ड' 1956 पासून ज्या कॉन्टिनेंटल परंपरेत चालू आहे, त्या परंपरेतल्या रेस्टॉरंटांत तो आजही मानाने केला जातो. त्याला कोणी फ्रेंच जेवण म्हणत नाही हे खरे. तरीपण बेशामेल नीट शिजलेला असेल, कच्च्या मैद्याचा वास येत नसेल आणि जायफळ चिमूटभरच असेल, तर अर्धकच्च्या 'फ्रेंच बिस्त्रो'पेक्षा मला तो केव्हाही पसंत आहे.

दुसरा हिशेब दीड ते दोन हजारांचा. माझ्या मते मुंबईत या पायरीवर पैशाचे मोल सर्वांत चांगले मिळते, आणि त्याचे कारण क्रेप हे आहे. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात गव्हाची गोड क्रेप आणि बकव्हीटची, म्हणजे उत्तर भारतात उपवासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाची, खारी गालेत असे दोन प्रकार आहेत. गालेतचे मूळ पीठ म्हणजे कुट्टू, पाणी आणि मीठ. ते रात्रभर ठेवून, मोठ्या गोल तव्यावर लाकडी दांड्याने झरझर पसरवतात आणि कडा जाळीदार, करड्या-तपकिरी झाल्या की मध्ये चीज, पालक, मश्रूम किंवा अंडे घालून चारी बाजू आत दुमडतात. पदार्थ साधा असल्यामुळे लपवायला जागा नसते: तवा पुरेसा तापलेला नसेल तर गालेत चामड्यासारखी लागते, हे पहिल्या घासालाच कळते. 'सुझेत'ने मुंबईला ही गोष्ट शिकवली आणि शाकाहारी माणसाला हातात मेनू घेऊन अवघडल्यासारखे वाटणार नाही, अशा मोजक्या फ्रेंच ठिकाणांत मी तिची गणना करतो. एक खारी गालेत, एक सॅलड दोघांत, एक गोड क्रेप आणि पेय धरले तर दरडोई बाराशे-पंधराशेच्या आसपास काम भागते.

याच पैशात बिस्त्रोचे जेवणही होऊ शकते, पण ते दुपारी. काही रेस्टॉरंटे कामाच्या दिवशी दुपारी दोन किंवा तीन पदार्थांचा ठरावीक दराचा मेनू ठेवतात आणि स्वयंपाकघर तेच, शेफ तोच असूनही खर्च रात्रीपेक्षा बराच कमी येतो. फ्रान्समध्येही नोकरदार माणूस चांगल्या रेस्टॉरंटात जेवतो तो बहुधा असाच. फोन करून 'लंचला सेट मेनू आहे का' एवढे विचारले की पुरे. फ्रान्सचे परराष्ट्र मंत्रालय आणि शेफ आलँ द्युकास यांनी 2015 मध्ये सुरू केलेल्या 'गू द फ्रान्स' उपक्रमात जगभरची रेस्टॉरंटे फ्रेंच मेनू ठेवत आली आहेत, यंदा तो आहे का याचीही चौकशी करावी. आपल्या चिरंजीवांना अलियाँसमध्ये त्याची खबर आधी लागेल.

आता वडिलांविषयी, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण मुंबईत फ्रेंच जेवणाचा बेत फसतो तो बहुतेक वेळा याच मुद्द्यावर. पहिला प्रश्न असा की वडील अंडे खातात का. खात असतील तर फारशी अडचण नाही. खात नसतील तर सूफ्ले, क्रेम ब्रुले, माकारोन, एक्लेअर, कीश आणि गोड क्रेप हे सारे बाद होते, कारण त्यांत अंडे हाच पदार्थाचा सांगाडा आहे; त्याऐवजी काहीतरी घालून केलेला 'एगलेस सूफ्ले' मागवू नये, ते पुडिंग असते. मात्र फ्रेंच स्वयंपाकात मुळातच अंडे नसलेले पदार्थ थोडे नाहीत. वांगी, झुकिनी, सिमला मिरची आणि टोमॅटो यांचे प्रोव्हान्सचे रातातुई घ्या, बटाट्याच्या पातळ चकत्या क्रीममध्ये शिजवलेले ग्रातँ दोफिन्वा घ्या, कुट्टूची गालेत घ्या, किंवा गोडात कॅरॅमलमध्ये शिजवलेल्या सफरचंदांचे तार्त तातँ घ्या. गालेतच्या पिठात काही ठिकाणी अंडे घालतात आणि पफ पेस्ट्रीवर चमक यावी म्हणून अंड्याचा हात फिरवतात, एवढे दोन प्रश्न वेटरला विचारून ठेवावेत.

अंड्यापेक्षा अधिक धोका आहे तो न दिसणाऱ्या गोष्टींचा. फ्रेंच ओनियन सूप नावाने शाकाहारी वाटते, पण मूळ पाककृतीत ते हाडांच्या स्टॉकचे, म्हणजे हाडे उकळून काढलेल्या रसाचे, असते. मुंबईत पुष्कळ ठिकाणी भाज्यांच्या स्टॉकवर करतात, तरीही विचारल्याशिवाय मागवू नये. मूस आणि काही चकचकीत पेस्ट्रींत जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. रिसोतो किंवा मश्रूमच्या पदार्थाच्या सॉसमध्ये चिकन स्टॉकचा चमचा पडतो आणि मेनूवर त्याचा उल्लेख नसतो. भारतात तयार होणारे चीज बहुतेक शाकाहारी रेनेटचे (दूध फाडण्यासाठी घालतात त्या विरजणाचे) असते, त्याची काळजी नाही. परदेशी चीजबद्दल विचारून घ्यावे. हे सारे टेबलावर बसल्यावर विचारण्यापेक्षा आरक्षण करतानाच सांगावे, कारण आदल्या दिवशी कळले तर कोणताही बरा शेफ भाज्यांचा वेगळा स्टॉक चढवून ठेवतो. ऐन गर्दीच्या वेळी सांगितले तर पदार्थातून मांस काढून उरलेले ताटात येते, आणि वडील उकडलेल्या गाजरांकडे पाहत बसतात.

आईंचे काम सोपे आहे. फ्रेंच स्वयंपाक आणि मुंबईचा मासळीबाजार यांचे जमते. रावस किंवा जिताडा जाड तुकड्यात, कातडी कुरकुरीत करून आणि वर बर ब्लाँ सॉस, असा पदार्थ दिसला तर तो घ्यावा. बारीक चिरलेल्या शॅलट, म्हणजे सांबारात घालतात तशा छोट्या कांद्यांत, पांढरी वाइन आणि व्हिनेगर आटवतात. ते चमचा-दीड चमचा उरले की आच मंद करून गार लोण्याचे तुकडे एकेक करत घोटतात. ना मैदा, ना क्रीम. केवळ लोणी त्या आंबट अर्कात मिसळून दाटसर होते. आच थोडी वाढली की सॉस फाटतो आणि वर तेल तरंगते, म्हणून हा सॉस एकसंध आला की स्वयंपाकघरात जाणते हात आहेत असे खुशाल समजावे. वाइनचे त्यांना वावडे असेल तर आधी सांगावे, लिंबाचा रस घालूनही जमते. आयात केलेल्या सामनसाठी जादा पैसे मोजण्याचे मला तरी कारण दिसत नाही. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या दोन महिन्यांत मासा कोणता आणि ताजा की गोठवलेला, हे विचारणे योग्य.

मांस खाणाऱ्या दोघांसाठी दोन गोष्टी. फ्रेंच बिस्त्रोचा मुख्य आधार म्हणजे गोमांस, पण महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथला 'स्टेक फ्रित' (स्टेक आणि बटाट्याचे तळलेले काप) किंवा 'बफ बूरगिन्याँ' (वाइनमध्ये शिजवलेले मांस) म्हशीवर्गीय मांसाचा असतो आणि मेनूवर तो बहुधा 'टेंडरलॉइन' या नावाने येतो. हे मांस कमी चरबीचे असते, म्हणून जास्त शिजवले की कोरडे पडते. वाइनमध्ये मंद शिजवलेला पदार्थ स्टेकपेक्षा उजवा ठरतो. ज्यांना हे नको, त्यांनी बदकाची कॉन्फी घ्यावी: बदकाची तंगडी मीठ लावून ठेवतात, त्याच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवतात आणि वाढण्याआधी कातडी खरपूस करतात. फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचे किंवा हंसाचे फुगवलेले यकृत, मात्र शोधू नये. भारताने 2014 मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली आहे.

तिसरा हिशेब पाच हजारांच्या वरचा. इथे पैसे कशाचे जातात हे कळले तर ते देताना हात आखडत नाही. मोठ्या रेस्टॉरंटचा तपकिरी सॉस म्हणजे भाजलेली हाडे, भाज्या आणि पाणी यांचा स्टॉक आठ-दहा तास उकळत ठेवून, गाळून, पुन्हा आटवून उरलेला अर्क. मोठ्या पातेल्यातून शेवटी लहान भांडेभर ऐवज निघतो आणि ताटात त्याचे दोन चमचे पडतात. ओगुस्त एस्कोफिये (1846–1935) या फ्रेंच शेफने या सॉसांची आणि स्वयंपाकघरातल्या कामाच्या विभागणीची जी घडी बसवली, तिच्यात सॉस करणाऱ्याचा हुद्दा वरचा होता, तो उगीच नव्हे. म्हणून या पायरीवर सॉस नसलेला पदार्थ, म्हणजे ग्रिल केलेले चिकन किंवा बर्गर, मागवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. हल्ली सजावटीवर, फुले-पानांवर पुष्कळ कष्ट घेतलेले दिसतात आणि सॉस ठिपक्यांपुरता उरतो. अशा ताटाला मी वैयक्तिकरीत्या फार गुण देत नाही.

सूफ्ले हा या पायरीवरचा दुसरा कसोटीचा पदार्थ, आणि चर्चगेटच्या 'सूफ्ले सिल वू प्ले'ने तर तो नावातच घेतला आहे. दाट मूळ मिश्रणात फेटलेले अंड्याचे पांढरे हलक्या हाताने मिसळतात. भांड्याला आतून लोण्याचे बोट खालून वर फिरवतात, म्हणजे मिश्रण सरळ चढते. मग बारा ते पंधरा मिनिटे भट्टी उघडायची नाही. फुगवटा हवेचा आणि वाफेचा असतो, त्यामुळे बाहेर आल्यावर दोन-तीन मिनिटांत तो खाली बसू लागतो. त्याने ग्राहकाची वाट पाहायची नसते, ग्राहकाने त्याची पाहायची असते. म्हणून गोड सूफ्ले हवा असेल तर मुख्य जेवणाची ऑर्डर देतानाच सांगून ठेवावा. टेबलावर आला की फोटोत वेळ न दवडता चमच्याने मध्ये भोक पाडून सॉस आत ओतावा. आतला भाग किंचित पातळ असतो. तो कच्चा समजून परत पाठवू नये.

वातावरणाला महत्त्व असेल तर वरळी कोळीवाड्यातल्या जुन्या बंगल्यातले 'स्लिंक अँड बार्दो' विचारात घ्यावे. तिथला स्वयंपाक फ्रेंच पायावरचा असला तरी तो मोकळा आहे, काटेकोर पारंपरिक नाही, आणि मद्यपेयांवर बराच भर आहे; त्यामुळे मित्रमंडळींसाठी ते जास्त जमते. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी दूर लावावी लागते, ज्येष्ठांना घेऊन जाताना याचा विचार करावा. मुंबईत रेस्टॉरंटे झपाट्याने बंद होतात, जागा बदलतात, शेफ बदलतात. 'ल कँझ'चे कुलाब्यातले लोकप्रिय कॅफेही 2020 मध्ये बंद झाले. म्हणून मी सांगितलेल्या कोणत्याही ठिकाणी फोन केल्याशिवाय निघू नये.

फ्रेंच जेवणाच्या रीतीत, जिला 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले, मुख्य पदार्थ आणि गोड यांच्यामध्ये चीज येते. मुंबईत आयात चीजची थाळी फार महाग पडते आणि प्रवासात थकलेली असते. त्यापेक्षा स्थानिक चीज आहे का ते विचारावे. मुंबईच्या 'स्पॉटेड काउ फ्रोमाजरी'ने ब्री आणि कामांबेर यांच्या धर्तीवर 'बॉम्ब्री' आणि 'कॅमेम्बे' काढली, त्यांची जात मऊ पांढऱ्या सालीची आणि दर्जा खरोखर चांगला आहे. खाण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर असणे आवश्यक. वाइनचेही तेच. आयात बाटलीवर सीमाशुल्क आणि राज्याचे कर चढतात, त्यामुळे सामान्य फ्रेंच वाइनही मेनूवर अवाच्या सवा किमतीला दिसते. दिंडोरीला फ्रेंच कंपनीच्याच देखरेखीखाली तयार होणारी 'शाँदों' ही फसफसणारी वाइन एका ग्लासाने घेतली तर समारंभाची हौसही भागते आणि बिलही आवाक्यात राहते.

बिलाचा हिशेब आधी करून ठेवावा. स्वतंत्र रेस्टॉरंटात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, तर ज्या हॉटेलात खोलीचे भाडे 7,500 रुपयांच्या वर असते तिथल्या रेस्टॉरंटात 18 टक्के. चौघांचे जेवण बारा हजारांचे झाले तर पहिल्या ठिकाणी कर 600 रुपये, दुसऱ्या ठिकाणी 2,160. मद्यावर जीएसटी नसतो, त्यावर राज्याचा कर वेगळा लागतो. सेवाशुल्क सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरल्या आहेत. ते बिलात लावलेले असेल तर शांतपणे काढायला सांगावे, आणि सेवा आवडली असेल तर टिप वेगळी द्यावी. बसताच 'स्टिल की स्पार्कलिंग' असे विचारतात, तेव्हा साधे पाणी मागावे. बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त आकारण्यास हॉटेलांना 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मुभा दिली आहे.

आता आपल्या चौघांसाठी माझी शिफारस. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला रात्रीचा बेत करू नये. डोंबिवलीच्या परतीच्या लोकलकडे डोळे लावून कोणी सूफ्ले खात नाही. कामाच्या दिवशी दुपारचे जेवण ठरवावे, साडेबाराला, म्हणजे स्वयंपाकघरावर गर्दीचा ताण यायच्या आत आपली ऑर्डर गेलेली असेल. वडील अंडे खात नसतील तर क्रेपरी निवडावी, दीड हजारांच्या पायरीवर राहावे आणि गालेतचे पीठ बिनअंड्याचे आहे याची आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. अंडे खात असतील तर चर्चगेटच्या 'सूफ्ले सिल वू प्ले'ला जावे. चीजचा एक खारा सूफ्ले घेऊन चौघांत सुरुवातीला वाटावा. वडिलांसाठी रातातुई आणि ग्रातँ दोफिन्वा, आईंसाठी दिवसाचा मासा, तुम्हा दोघांत एक बदक, असे विचारावे, आणि यांतले जे त्या दिवशी मेनूवर नसेल त्याच्या जागी सॉस असलेला दुसरा पदार्थ घ्यावा. चौघांना चार मुख्य पदार्थ लागत नाहीत, कारण लोणी पोटाला जड असते. गोड सूफ्ले एकच, ऑर्डर देतानाच सांगितलेला. वेटरशी फ्रेंच बोलण्याचा आग्रह चिरंजीवांनी धरू नये, बहुतेक वेळा तो मुलगा विरारचा किंवा मणिपूरचा असतो. मेनू मात्र त्यांनीच सर्वांना वाचून दाखवावा.